रुखवतातल्या बगीच्याखाली

सांगलीहून नागपूरला जाणारी आमची गाडी सगळा महाराष्ट्र दाखवत जाते, तुम्हाला बघायचा असो वा नसो. मी खिडकीशी बसलो होतो. मांडीवर रेक्झिनची बॅग, आणि बॅगेत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली वीतभर लांबीची एक जळकी हिरवी पट्टी. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी कराडपर्यंत दम धरला आणि मग विचारलंच, नागपूरला काय, लग्नकार्य वगैरे? मी म्हणालो, नाही, पुरणयंत्राचं काम आहे. त्यांनी पेपर उघडला तो पुणं येईपर्यंत खाली केला नाही.

वाचकांना तरी नीट सांगतो. आमच्या आईचं एक पितळी पुरणयंत्र आहे. हाताने फिरवायचं, चांगलं वजनदार. तिच्या लग्नात ते रुखवतावर मधोमध मांडलं होतं आणि सासरच्या बायका त्याच्याकडे कशा बघत राहिल्या होत्या, हे आम्ही दोघा भावंडांनी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आम्ही त्या लग्नाला हजर होतो असंच मला वाटतं. आई गेल्यावर बाकी वाटण्या हसतखेळत झाल्या. या एका यंत्रावर मात्र मी आणि माझी थोरली बहीण अक्का, दोघंही अडून बसलो.

तेव्हा माझा सांगलीत छोटा छापखाना होता, आणि त्यात एक छोटा कॉम्प्युटर. पडदा आणि मशीन एकाच पेटीत, पडदा शाळेतल्या पाटीएवढा, काळापांढरा, आणि पेटीच्या डोक्यावर उचलून न्यायला मुठीची खाच. आम्ही त्याला ठेंगू म्हणायचो. दिवसभर ठेंगूवर लग्नपत्रिका जुळवायच्या आणि संध्याकाळी अक्का आली की त्याच्यावर विटा फोडायचा खेळ खेळायचा. खाली फळी, वर विटांची भिंत, मध्ये उसळणारा चेंडू. खेळ संपला की सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची यादी यायची. नावाला इंग्रजी तीन अक्षरांचीच जागा. अक्का स्वतःला ‘ए के ए’ लिहायची, मी ‘बी पी यू’. शेवटी अक्कानंच तोड काढली: भाऊबीजेच्या दिवशी यादीत ज्याचं नाव सर्वांत वर, पुरणयंत्र त्याचं.

भाऊबीजेच्या दिवशी मी चहा सांगायला कोपऱ्यावर गेलो. परत आलो तर अक्का हाताची घडी घालून उभी. म्हणाली, हरलास, बघ वर कुणाचं नाव आहे ते. मी चष्मा लावेपर्यंत ठेंगूच्या पाठीमागून धुराची एक रेघ निघाली आणि पडदा काळा झाला.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. यंत्र माझ्या घरी होतं ते माझ्याच घरी राहिलं. दर होळीला अक्काचा फोन येतो आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, की मिक्सरचं पुरण चिकट होतं रे. यंदा मात्र तिनं गणपतीतच निकाल दिला. म्हणाली, ‘‘बापू, मी सत्तरीची झाले. भाऊबीजेला येते. तोवर तो डबा सुरू करून यादी दाखव, नाहीतर यंत्र पिशवीत भरून ठेव.’’

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मित्रानं ठेंगूची वीज सुरू करून दिली. पडदा उजळला, पण आतली डिस्क काही केल्या उघडेना. या जातीच्या मशीनच्या पोटात एकच खाच असते, तिच्यात एक एक्स्पान्शन कार्ड बसतं, आणि त्या कार्डाशिवाय डिस्क मुकी. आमचं कार्ड, म्हणजे बॅगेतली ती हिरवी पट्टी, त्या धुरात जळालं होतं. परदेशात मिळतं म्हणतात, पण तिथली किंमत ऐकून आमच्या सौ. खुर्चीत बसल्या. मग जुन्या कॉम्प्युटरवेड्यांच्या एका फोनग्रुपवर मी फोटो टाकला, आणि नागपूरच्या विनोदभाऊंचा ताबडतोब निरोप आला, की या, नागपुरात सगळं भेटते.

विनोदभाऊ बँकेतून निवृत्त झालेले, मनीषनगरात राहणारे, स्वभावानं राजा माणूस. त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांच्या खोलीत पलंगाखाली, पलंगावर आणि पलंगाऐवजी जुने कॉम्प्युटर होते. मला त्यांनी हॉलमध्ये झोपवलं. त्यांच्यात एकच दोष: त्यांना सगळं माहीत असतं. ‘‘टेन्शन नका घेऊ जी, मले सारं मालूम आहे,’’ हे वाक्य ते रस्ता चुकण्याच्या आधी आणि चुकल्यानंतर, दोन्ही वेळा म्हणतात.

सकाळी त्यांनी मला तर्रीपोहे (पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा) खायला नेलं. तेवढं पचवल्यावर माझी छाती फुगली आणि मी नको ते बोलून गेलो, की आम्ही सांगलीकोल्हापूरकडची माणसं, तिखटाचं आम्हाला काही सांगू नका. विनोदभाऊंनी दुपारी मुकाट्यानं एका सावजीच्या (काळ्या मसाल्याच्या जहाल रश्श्याची इथली खानावळ) बाकड्यावर नेऊन बसवलं. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. वाढणारा माणूस भला होता. शेजारी येऊन हलक्या आवाजात विचारू लागला, ‘‘घरचं कोणी गेलं का जी?’’ मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. त्यानं सहानुभूतीनं आणखी रस्सा वाढला.

तोंडात असा जाळ घेऊन आम्ही जरीपटक्याला पोचलो. बाजार ऐन दिवाळीचा. कपडे, आकाशकंदील, पणत्या आणि त्यांच्यामधून आडवी जाणारी प्रत्येक स्कूटर. विनोदभाऊंच्या ओळखीच्या गजूभाऊंचं दुकान गल्लीत आत होतं. पूर्वी ते कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, आता इन्व्हर्टर विकतात, पण मागच्या खोलीत जुना माल अजून रचून ठेवलाय. विनोदभाऊ थेट ढिगात शिरले आणि एक पट्टी उंच धरून म्हणाले, हेच ते. गजूभाऊंनी शांतपणे सांगितलं की ते वॉशिंग मशीनचं आहे. दुसरी पट्टी लिफ्टची निघाली. मग मी बॅगेतून माझी जळकी पट्टी काढली. तिच्या एका कोपऱ्यात एक चौकोनी निळा ठोकळा आहे, तीच तिची खूण.

गजूभाऊंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. ‘‘होता ना जी. असा एक, अन् दुसऱ्या जातीचे तीन. पोरीच्या लग्नात गेले.’’

मला वाटलं, लग्नाच्या खर्चासाठी बिचाऱ्यानं विकले. तसं मी बोललो तर गजूभाऊ दुखावले. ‘‘विकीन काहून? रुखवतात देल्ले.’’

मग त्यांनी फोनवर लग्नाचे फोटो काढले. रुखवताच्या टेबलावर, लाडूंच्या उतरंडीशेजारी, हातभर लांबीचा एक संत्र्याचा बगीचा होता. त्यांची मुलगी पल्लवी नरखेड तालुक्यात संत्र्याच्या घरी दिलेली, म्हणून तिच्या आईनं हौसेनं बनवलेला. जमीन म्हणून चार हिरवी कार्डं जोडलेली. त्यांच्यावरच्या काळ्या चिपा म्हणजे वाफे. स्पंजची झाडं आणि झाडांवर शेंदरी रंगवलेल्या साबुदाण्याची संत्री. विहीर बाटलीच्या झाकणाची, मोटारपंप जुन्या कंडेन्सरचा. आणि डाव्या कोपऱ्यात पाण्याची टाकी होती, चौकोनी निळी. मी फोटो मोठा करत गेलो. नवरी पडद्याबाहेर गेली, नवरा गेला, भटजी गेले, आणि पडदाभर माझं कार्ड आलं. गजूभाऊंच्या पत्नी मागून चहा घेऊन आल्या होत्या. लग्नाचे फोटो बघून पाहुण्याचा चेहरा असा उजळलेला पाहून त्यांना फार बरं वाटलं, आणि साबुदाणा रंगवताना तो मऊ पडू नये म्हणून काय करायचं ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं.

मी गजूभाऊंना म्हणालो, जावयाला एक फोन करा. ते खुर्चीतून उठलेच. ‘‘पोरीच्या सासरी देल्लेली वस्तू बापानं वापस मांगायची? लोक का म्हणतीन?’’ बरोबरच होतं. ते म्हणाले, तुम्ही जा, भेटा, पण कशासाठी येऊन राहिले ते माझ्या नावानं फोनवर सांगू नका. विनोदभाऊंनी मान डोलावली, मले मालूम आहे म्हणाले, आणि तिथूनच पल्लवीच्या सासरी फोन लावला. आम्ही गजूभाऊंच्या ओळखीचे, उद्या दोघं येऊन राहिलो, कामाचं आल्यावर बोलू.

या शेवटच्या वाक्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. दिवाळी तोंडावर, पुढे तुळशीचं लग्न आणि मग मुहूर्तांचा हंगाम, हे माझ्यासारख्या जन्मभर लग्नपत्रिका छापलेल्या माणसाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. काटोल मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं लागली, बुटकी, गोल, हिरवी, आणि मध्येच कापसाचं पांढरं शेत. शेजारच्या बाईंनी न विचारता मोसंबीची थैली माझ्या मांडीवर ठेवली आणि झोपी गेल्या. थैलीला भोक होतं. वळण आलं की एक मोसंबं घरंगळत पुढे जायचं आणि कुणीतरी ते मागे पाठवायचं. उतरताना बाईंनी डोळे उघडले, थैली चाचपली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खिसे उलटे करून दाखवावेत असं मला वाटून गेलं.

फाट्यावर पल्लवीचा धाकटा दीर अंकुश मोटारसायकल घेऊन उभा होता. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि अत्तराचा वास असा की मागे बसल्या बसल्या विनोदभाऊंना शिंका सुरू झाल्या. वाटेत तो मला आदबीनं सांगत होता, की तो सुपारीसुद्धा खात नाही. मी म्हणालो, छान. अशी माणसं हल्ली दुर्मीळ असतात.

घरी ओसरीवर नवी सतरंजी अंथरलेली, तिच्यावर गावातले दोन वडीलधारे बसलेले. पल्लवीच्या सासूबाई वेणूताई दारात उभ्या. उंचपुऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि सगळं घर नजरेनं चालवणाऱ्या. पोहे आले, चिवडा आला, लाडू आले. मी खात होतो पण माझं लक्ष आतल्या खोलीत होतं, कारण तिथल्या काचेच्या कपाटात तो बगीचा दिसत होता. मी मान लांब करून बघत होतो ते वेणूताईंनी पाहिलं. म्हणाल्या, पाहून घ्या बापा, घर पूर्ण पाहून घ्या, लपवायासारखं काही नाही. आणि त्यांनी मला स्वयंपाकघर, धान्याची खोली, नवं बाथरूम, सगळं दाखवलं. कपाटासमोर मात्र क्षणभरही थांबू दिलं नाही.

मग खरा बगीचा. अंकुश पुढे, आम्ही मागे. ही विहीर, हा पंप, ही आंबिया बहाराची फळं, हा नवा लावलेला तुकडा. दोन पावलांवर एक संत्रं सोलून हातात. वडीलधाऱ्यांपैकी एकानं अंकुशला उगाच एक पोतं उचलून दाखवायला लावलं. विनोदभाऊ प्रत्येक गोष्टीला मस्त आहे, मस्त आहे म्हणत होते आणि एका लिंबाच्या झाडाला संत्र्याची दुर्मीळ जात म्हणून त्यांनी माहितीही दिली. मलाही सगळं फार आवडलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. मी जितकं चांगलं म्हणत होतो तितका अंकुशचा चेहरा लाल होत होता.

परत येऊन बसलो तेव्हा वेणूताईंनी पदर सावरला. ‘‘आता तुमच्या पोरीचं सांगा. उंची किती हाय?’’

मी विनोदभाऊंकडे पाहिलं. विनोदभाऊ पंख्याकडे पाहत होते. त्यांना सारं मालूम असतं, फक्त वेळेवर नसतं.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी म्हणालो, ‘‘ताई, मला मुलगीच नाही. मी तुमच्या काचेच्या कपाटातल्या बगीच्याच्या डाव्या कोपऱ्यासाठी आलोय.’’

अंकुश उठून आत गेला आणि परत आला तो बनियनवर. पल्लवी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून भांडी पडल्यासारखं हसू ऐकू यायला लागलं. वेणूताई हसल्या नाहीत. मला इतकी लाज वाटली की उरलेला लाडू मी हळूच ताटलीत परत ठेवला.

मी जळकी पट्टी काढून दाखवली, काय हवंय ते समजावलं, तुम्ही म्हणाल ते देतो म्हणालो. वेणूताईंचं म्हणणं सरळ होतं. सुनेच्या मायनं हातानं करून दिलेली वस्तू, तिचा तुकडा विकायला त्या काय दुकान मांडून बसल्या होत्या? उद्या विहीणबाई आल्या आणि बगीच्याला भोक दिसलं तर? मी म्हणालो, भोक कशाला, माझी पट्टी तिथं बसेल, अगदी तशीच आहे. त्यांनी ती दोन बोटांत धरली आणि ती जळकी आहे आणि परक्याची आहे, असे दोन दोष काढून परत दिली.

मग मी सगळी कथा सांगितली. ठेंगू, विटा, धूर, अक्का, मिक्सरचं चिकट पुरण. सांगता सांगता मला भरूनच आलं. इतक्या लांब येऊन, दोन हातांवर कार्ड दिसत असताना रिकामं जायचं, आणि भाऊबीजेला अक्कासमोर न हरता यंत्र पिशवीत भरून द्यायचं. हरून दिलं असतं तर चाललं असतं. न कळता देणं मला सोसवत नव्हतं, हे मी तसंच्या तसं बोललो. वडीलधाऱ्यांपैकी एकानं डोळे पुसले, दुसऱ्यानं त्याला पाणी दिलं.

वेणूताईंनी विचारलं, ‘‘ते यंत्र मुळात कोणाचं हो?’’

‘‘आईचं. तिच्या रुखवतातलं,’’ मी सहज बोलून गेलो.

वेणूताईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. ‘‘मंग झालं तर. मायेरच्या वस्तूच्या जागी मायेरचीच वस्तू आली तर चालते. ते यंत्र इथं द्या, अन् हा तुकडा घेऊन जा.’’

दोन्ही वडीलधाऱ्यांनी पूर्वापार कायदा ऐकल्यासारख्या माना डोलावल्या. मी विनोदभाऊंच्या कानाशी लागलो, खरंच अशी रीत आहे का इकडे? ते म्हणाले, आहे ना, जुनी आहे. परतताना एका वडीलधाऱ्यांनीच मला सांगितलं की त्यांनीही ती आजच ऐकली.

आता माझी अवस्था बघा. पुरणयंत्र कुणाचं ते ठरवायला कार्ड हवं, आणि कार्ड हवं तर पुरणयंत्र द्यायचं. मी बगीच्यात जाऊन एका झाडाखाली बसलो आणि अक्काला फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती आधी माझ्यावर आणि मग समस्त विदर्भावर तोंड सोडेल.

ती एवढंच म्हणाली, ‘‘देऊन टाक.’’

‘‘अगं पण मग जिंकणाऱ्याला काय राहिलं?’’

‘‘जिंकल्याचं राहिलं की,’’ अक्का म्हणाली. ‘‘तीस वर्षं तू मला खोटी समजतोयस, बापू. पुरण काय, मी पाट्यावरसुद्धा वाटून घेईन.’’

मी तिला कधी खोटं म्हटलं नव्हतं. पण खरी आहेस असंही म्हटलं नव्हतं, आणि तिच्या दृष्टीनं त्या दोन्हींत काही फरक नव्हता हे मला नरखेडच्या रानात कळलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वेणूताई मागून आल्या आणि बोलू द्या म्हणून फोन घेतला. मग दोघींचं जे सुरू झालं त्यात माझी कुणालाच गरज राहिली नाही. डाळ किती शिजवायची, गूळ कधी घालायचा, वेलची की जायफळ. वेणूताई जायफळाच्या बाजूच्या निघाल्या, अक्काही. दोघींनी मिळून वेलची घालणाऱ्यांचा उद्धार केला. आमच्याकडे वेलचीच घालतात, पण मी गप्प राहिलो. फोन गरम होऊन बंद पडायला आला तेव्हा वेणूताईंनी तो परत दिला आणि म्हणाल्या, बहीण चांगली आहे तुमची, तिच्या शब्दावर घेऊन जा, यंत्र मागून पाठवा.

कार्ड सोडवायचं काम पल्लवीनं केलं. गरम पाण्यात सुरी बुडवून, डिंक मऊ करत, आईनं केलेलं मोडणार नाही अशा बेतानं. सारं घर भोवती उभं होतं. विनोदभाऊ सूचना देत होते आणि पल्लवी बरोबर त्याच्या उलट करत होती, म्हणून काम नीट झालं. त्या जागी माझी जळकी पट्टी बसवली. तिच्यावर झाडं लावायची की नाही यावर चर्चा झाली आणि अंकुशनं निकाल दिला, की एक तुकडा पडीक असू द्या, खऱ्या शेतातही असतोच. तो आता पुन्हा माझ्याशी बोलू लागला होता. लग्नपत्रिका मी करून देईन असा शब्द मी त्याला दिला. तो म्हणाला, पोरगी पण तुम्हीच पाहून द्या, तुमाले आता आमचं सारं पाठ झालं.

निघताना वेणूताईंनी ताज्या कापसाचा मोठा पुंजका घेतला, कार्ड त्यात गुंडाळलं आणि जेवणाच्या डब्यात ठेवलं. वर संत्र्यांचं एक पोतं दिलं. परतीच्या गाडीत मी ते पोतं वाटत वाटत आलो. डबा मात्र उघडला नाही. पुण्याला एका चहावाल्यानं डब्यात काय आहे विचारलं, तर मी बगीच्याचा तुकडा म्हणालो. मला आता अशी उत्तरं द्यायची सवय लागली होती.

घरी येताच आधी पुरणयंत्र काढलं. शब्द म्हणजे शब्द. कार्ड चालो न चालो. आमच्या सौ.नी ते चिंचेनं लखलखीत केलं, म्हणाल्या हे शेवटचं घासणं, गेलं एकदाचं, आणि मग बराच वेळ पदरानं पुसत बसल्या. एसटीच्या पार्सलनं ते नरखेडकडे निघालं तेव्हा मला आई पुन्हा सासरी चालल्यासारखं वाटलं. नागपुरात सगळं भेटतं हे विनोदभाऊंचं म्हणणं खरंच आहे. फक्त बदल्यात घरचं काहीतरी त्या बाजूला जातं, आणि मग तो मुलूख आपला होतो. हवामानाच्या बातम्यांत हल्ली मी सांगलीच्या आधी काटोलनरखेडचा पाऊस बघतो.

भाऊबीजेला अक्का आली. ओवाळलं, जेवलो, आणि तिनं चष्मा पुसून म्हटलं, चल. कार्डाची सोनेरी टोकं मी खोडरबरनं घासून ठेवली होती. चिपांमध्ये डिंकात रुतलेली दोन शेंदरी संत्री मात्र निघाली नव्हती आणि मी ती काढायचा हट्टही केला नव्हता. कार्ड खाचेत बसवलं, बटण दाबलं. ठेंगू गुरगुरला. आत कुठेतरी डिस्क फिरायला लागली, थांबली, पुन्हा फिरली. पाटीएवढा पडदा उजळला, विटांची भिंत आली आणि तिच्यामागून यादी.

सर्वांत वर ‘ए के ए’ होतं. दुसरंही ‘ए के ए’. तिसरंही. ‘बी पी यू’ खालून दुसरा होता.

अक्का यादीवरून बोट फिरवत राहिली, आणि मी म्हणालो, ‘‘तू खरी होतीस, अक्का.’’ तिनं मान हलवली. नाक ओढलं. मग खुर्ची पुढे ओढून पडद्यासमोर बसली आणि दुसरी खुर्ची माझ्यासाठी सरकवली.

‘‘सुरू झालाच आहे तर एक डाव होऊन जाऊ दे,’’ ती म्हणाली.

‘‘कशावर?’’

अक्कानं स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. ओट्यावर आईचा लोखंडी खलबत्ता होता.

मी उठलो, खलबत्ता माळ्यावर मागे ठेवला, त्याच्यासमोर पिठाचा डबा सरकवला, आणि मगच खेळायला बसलो.